किल्ली कुणाकडे?

तुमचं टिपण दोनदा वाचलं. घर गोव्यातल्या साखळीला, नोकरी वेर्ण्याच्या औषध कंपनीत, वय सव्वीस, आणि चार वर्षांत मागे टाकलेले ३ लाख रुपये. कंपनीच्या बसमध्ये येता-जाता क्रिप्टोच्याच, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांच्याच, गप्पा चालतात. त्यात जहाजावर असलेले तुमचे मामा म्हणतात, पुढच्या खेपेला घरचे पैसे बँकेतून न पाठवता डॉलरच्या कॉइनमधून पाठवतो. त्यावरून तुम्ही विचारलंत: हे नाणं म्हणजे नेमकं काय, त्याच्यामागे काहीच नसताना त्याला किंमत कशी येते, भारतात ते कायदेशीर आहे का, पुढेमागे ते रुपयाची जागा घेईल का, आणि तुमच्या ३ लाखांतले किती त्यात घालावेत.

मी फोंड्यात एकोणीस वर्षं चार्टर्ड अकाउंटंट म्हणून काम करते. २०१७ च्या डिसेंबरात पहिला अशील बिटकॉइनचा हिशोब एका वहीच्या पाठच्या पानावर लिहून घेऊन आला, तेव्हा मलाही रात्री बसून हा विषय मुळापासून शिकावा लागला. २०२२ नंतर तर दर जुलैत अशा फायलींचा गठ्ठा असतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. माझ्याकडे नुकसान घेऊन आलेल्यांत भाव पडल्यामुळे बुडालेले थोडेच होते. बहुतेकांचे पैसे माणसांनी नेले. म्हणून तुमच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणार आहे: किल्ली कुणाकडे आहे?

आधी नाणं म्हणजे काय ते पाहू. वाड्यावरच्या दुकानातली उधारीची वही आठवा. तुमच्या नावावर किती बाकी, हे त्या वहीत लिहिलेलं असतं आणि वही दुकानदाराकडे असते. त्याने चुकून किंवा मुद्दाम एक शून्य वाढवलं, तर तुम्ही भांडाल, पण तुमच्याकडे पुरावा नसतो. बँकसुद्धा शेवटी अशीच एक वही सांभाळते, फक्त तिच्यावर कायद्याची आणि रिझर्व्ह बँकेची नजर असते. आता समजा, ती वही दुकानदाराकडे न राहता तिची नक्कल वाड्यावरच्या प्रत्येक घरात आहे. कुणी कुणाला किती दिले हे ओरडून सांगितलं जातं, सगळे आपापल्या वहीत लिहितात, आणि प्रत्येक नव्या पानाच्या डोक्यावर आधीच्या पानाचा ठसा उमटवलेला असतो. मागच्या पानावरचा एक आकडा जरी खोडला, तरी त्याचा ठसा बदलतो, मग पुढच्या पानाचा, मग त्याच्याही पुढच्या पानाचा. खोटेपणा लगेच उघडा पडतो. एकात एक अडकलेल्या या पानांची साखळी म्हणजे ब्लॉकचेन. त्या ठशाला हॅश म्हणतात.

नवं पान जोडायचं कुणी, हा खरा अवघड प्रश्न होता. आपल्या जुन्या गावकारीत, म्हणजे गावच्या सामायिक कारभारात, एका गावकराने ‘नाका’, म्हणजे नको, म्हटलं तरी ठराव अडायचा, असं सांगतात. तिथे सगळे एकमेकांना ओळखत होते. इथे जगभरची अनोळखी माणसं, त्यातला एकच माणूस शंभर नावं घेऊन आला तर मतदान कसं घेणार? सातोशी नाकामोतो या नावाने लिहिणाऱ्या व्यक्तीने, किंवा गटाने, ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एक नऊ पानी निबंध प्रसिद्ध केला. त्यातलं उत्तर असं की मत माणसाला द्यायचं नाही, केलेल्या कामाला द्यायचं. ज्याचा संगणक एक अवघड कोडं आधी सोडवेल, त्याने पान जोडायचं आणि बक्षीस घ्यायचं. पहिलं पान ३ जानेवारी २००९ रोजी जोडलं गेलं. साधारण दर दहा मिनिटांनी नवं पान येतं. बक्षीस सुरुवातीला ५० बिटकॉइन होतं. ते २,१०,००० पानांनी, म्हणजे सुमारे चार वर्षांनी, निम्मं होतं. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे. असं निम्मं निम्मं होत एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जात नाहीत. जुनं पान बदलायचं तर त्यानंतरच्या सगळ्या पानांचं काम पुन्हा करावं लागेल, आणि तेही साऱ्या जगाच्या संगणकांना मागे टाकून. फसवणूक करण्यापेक्षा प्रामाणिकपणे कोडं सोडवणं स्वस्त पडावं, ही त्यामागची योजना. मला ती आजही थक्क करते. या सगळ्या बाजारात ज्याच्यापुढे मी मनापासून मान झुकवीन अशी गोष्ट हीच आहे.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. बिटकॉइन तुमच्या मोबाइलमध्ये नसतं, पेनड्राइव्हमध्ये नसतं. असते ती त्या सार्वजनिक वहीतली नोंद, आणि ती नोंद पुढे हलवण्यासाठी लागणारी गुप्त किल्ली. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठा आकडा. माणसाला लिहून ठेवता यावा म्हणून तो १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांच्या ओळीत मांडतात. ज्याच्याकडे ते शब्द, त्याचं नाणं. शब्द हरवले तर जगातली कुठलीही बँक, कुठलंही न्यायालय ते नाणं हलवू शकत नाही. शब्द दुसऱ्याला कळले तर त्याने नाणं नेल्यावर परत आणणारंही कुणी नाही.

आता तुमच्या बसमधल्या मित्रांना विचारा, त्यांच्याकडे हे शब्द आहेत का. बहुतेकांकडे नसतील. त्यांनी एखाद्या एक्स्चेंजच्या, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या, ॲपवर खातं उघडलं, यूपीआयने पैसे भरले, आणि पडद्यावर ‘०.००२ बिटकॉइन’ दिसायला लागलं. किल्ली एक्स्चेंजकडे. म्हणजे ज्या शोधाने मधला माणूस काढून टाकला, त्याच्यात आपण मधला माणूस परत आणून बसवला, आणि बँकेवर असते तेवढीही नजर त्याच्यावर नाही.

गोव्यातल्या माणसाला हे समजावायला मला लांब जावं लागत नाही. पोर्तुगीज अमदानीत इथल्या लोकांनी बँको नासिओनाल उल्त्रामारिनोमध्ये दागिने गहाण ठेवले होते. डिसेंबर १९६१ मध्ये ती सत्ता गेली, पण त्याआधी दागिन्यांची पुडकी लिस्बनला रवाना झाली होती. ती परत यायला १९९१ साल उजाडलं. पावती घरात होती, नाव वहीत होतं, सोनं खरं होतं. किल्ली मात्र समुद्रापलीकडे होती. तीस वर्षांत कितीतरी आज्या आपला पाटल्यांचा जोड पुन्हा न बघता गेल्या. क्रिप्टोत हेच काही मिनिटांत घडतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे जगातल्या मोठ्या एक्स्चेंजांपैकी एक दिवाळखोरीत गेलं. ग्राहकांचे पैसे मालकाच्याच दुसऱ्या कंपनीत वळवले होते. त्या सॅम बँकमन-फ्राइडला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून, म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या डिजिटल पाकिटातून, सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि सामान्य ग्राहकांचे पैसे वर्षभराहून अधिक काळ अडकून पडले. त्या काळात पैसे अडकलेले दोघे माझ्याकडे येत होते. एकाच्या बहिणीचं लग्न त्या पैशांवर ठरलेलं होतं. त्याच्या नाण्याचा भाव त्या वर्षात चढला होता, आणि तो भाव त्याला फक्त बघता येत होता.

दुसरा प्रश्न: किंमत कशी येते? जत्रेत देवळापुढची पावणी, म्हणजे लिलाव, तुम्ही लहानपणापासून पाहिली असेल. देवाला वाहिलेला नारळ, बाजारात चाळीस-पन्नास रुपयांचा, पावणीत हजारांवर जातो. नारळात काही वाढलेलं नसतं. बोली लावणारे किती, त्यांची हौस किती आणि नारळ एकच, यावर आकडा ठरतो. बिटकॉइनची किंमत ही अशी बोलीची किंमत आहे. कंपनीच्या शेअरमागे नफा असतो, रोख्यामागे व्याज असतं, भाटामागे, म्हणजे बागायतीमागे, काजू आणि नारळ असतात. बिटकॉइन स्वतः काहीच पिकवत नाही. म्हणून त्याची ‘योग्य’ किंमत हिशोबाने काढून देतो म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

पण पावणीतली तुलना इथेच संपते, कारण बिटकॉइनमागे अगदीच काही नाही असंही म्हणता येत नाही. पुरवठा कुणालाच वाढवता येत नाही, किल्ली आपल्याकडे असेल तर कुठलंही सरकार ते नाणं गोठवू शकत नाही, आणि सीमा ओलांडून ते बारा शब्दांत नेता येतं. ज्या देशात नोटांचा दर आठवड्याला पालापाचोळा होतो, तिथल्या माणसाला या गुणांची किंमत आहे. आमच्या घरच्या जुन्या पेटीत इश्कुदोच्या नोटा आहेत. पोर्तुगिजांनी शेवटच्या तीन-चार वर्षांत इथे रुपियाच्या जागी इश्कुदो आणला आणि मुक्तीनंतर थोड्याच काळात तोही गेला. सत्तेबरोबर चलन जातं हे इथल्या वयस्कर माणसांनी एका आयुष्यात दोनदा पाहिलं आहे. त्यामुळे ‘सरकारच्या हाती नसलेलं नाणं’ या कल्पनेला मी हसत नाही.

तरी भावाचे हेलकावे पाहून ठेवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन सुमारे ६९,००० डॉलरला होतं, वर्षभरात ते १६,००० च्या आसपास आलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने १ लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. नुसते हे आकडे पाहिले तर हा प्रवास शेवटी वरच गेल्यासारखा दिसतो. मधल्या वर्षात माझ्याकडे आलेले चेहरे मला आठवतात. चारातले तीन भाग गेल्यावर धरून बसणारा माणूस विरळा. बहुतेकांनी वर घेतलं आणि खाली विकलं.

आणि हे झालं बिटकॉइनचं. बाकीची हजारो नाणी त्या पंगतीत बसत नाहीत. इथेरियम वेगळं, २०१५ पासून चालू आहे. त्याच्यावर करारच संगणकीय नियमांत लिहिता येतात, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने कोडं सोडवण्याची पद्धत सोडून ठेव अडकवून ठेवण्याची पद्धत घेतली. त्यामुळे त्याचा विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून अधिक घटला. बिटकॉइनची वीज मात्र अजून एखाद्या मध्यम देशाइतकी जळते. त्यांच्यापलीकडे कुत्र्याच्या नावाची, नेत्याच्या नावाची, काल रात्री जन्मलेली नाणी आहेत. त्यांतली बहुतेक मी औषधालाही घेऊ देणार नाही. मे २०२२ मध्ये टेरायूएसडी आणि लुना ही जोडी आठवडाभरात संपली. टेरायूएसडी तर ‘एक डॉलरला एक’ असं वचन देणारं नाणं होतं.

तिसरा प्रश्न कायद्याचा. इथे माझा रोजचा धंदा असल्यामुळे थोडं रेंगाळते.

क्रिप्टो भारतात बंद नाही आणि चलन म्हणून मान्यही नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते रद्द केलं. नंतर २०२२ च्या अर्थसंकल्पात ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असं नाव देऊन कर लावला गेला, आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंजांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणून वित्तीय गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करणं भाग पाडलं. लोकांचा इथे एक मोठा गैरसमज होतो. कर लागतो म्हणजे सरकारने शिक्का मारला, असं ते धरून चालतात. तसं नाही. शेअर बाजारात दलालाने फसवलं तर सेबी आहे, बँकेत ठेव बुडाली तर ५ लाखांपर्यंत विमा आहे. एक्स्चेंज बुडालं तर तुमच्या पाठीशी असा कुणी उभा नाही.

कराचं गणित तुम्हाला आकड्यांत दाखवते, कारण दरवर्षी कुणीतरी माझ्यापुढे बसून ‘हे असं कसं?’ म्हणतं. समजा तुम्ही दोन नाणी घेतली, प्रत्येकी १ लाखाची. पहिलं १ लाख ६० हजारांना विकलंत, ६० हजारांचा नफा. दुसरं ४० हजारांना विकलंत, ६० हजारांचा तोटा. तुमच्या खिशात आले तेवढेच २ लाख, कमाई शून्य. पण तोटा नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. ६० हजारांवर ३० टक्के म्हणजे १८,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर ७२०, असा १८,७२० रुपये कर बसतो. विकताना १ टक्का टीडीएस कापला गेला असेल, दोन्ही मिळून २,०००, तो यातून वळता होतो. उरलेले १६,७२० तुम्ही घरून भरायचे. खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत धरता येते. पगार नसलेल्या कॉलेजच्या पोरालाही हाच दर, करमुक्त मर्यादेचा आधार त्याला मिळत नाही. आणि एक नाणं देऊन दुसरं घेणं हीसुद्धा विक्रीच. रुपया हाती आला नाही म्हणून कर नाही, असं समजून दिवसाला वीस अदलाबदली केलेल्या एका मुलाचा हिशोब लावायला मला आणि माझ्या सहायकाला नऊ दिवस लागले होते.

परदेशी एक्स्चेंजवर केलं तर कळत नाही, हा बसमधला सल्ला ऐकू नका. २०२५ च्या अर्थसंकल्पाने या व्यवहारांची माहिती प्राप्तिकर खात्याला कळवण्याची जबाबदारी क्रिप्टो कंपन्यांवर टाकली आहे, आणि देशादेशांत ही माहिती वाटून घेण्याची व्यवस्थाही उभी राहते आहे. विवरणपत्रात यासाठी वेगळं परिशिष्ट आहे. प्रत्येक खरेदी-विक्रीची तारीख आणि रुपयांतली रक्कम त्यात भरावी लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून नोंद ठेवा.

त्याहून वाईट एक सापळा आहे. एक्स्चेंज टाळून थेट माणसाला नाणी विकणं, ज्याला पी-टू-पी म्हणतात. म्हापशाच्या एका दुकानदाराने चार टक्के जास्त भाव मिळतो म्हणून अशी नाणी विकली. त्याच्या खात्यात आलेले पैसे परराज्यातल्या कुणा फसवल्या गेलेल्या म्हातारीचे निघाले. तिकडच्या पोलिसांच्या पत्रावरून बँकेने त्याचं चालू खातं गोठवलं. चतुर्थीच्या तोंडावर. माल उचलायला पैसे नाहीत, नोकरांचे पगार नाहीत, आणि आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायला हजार किलोमीटरवरच्या पोलीस ठाण्यात खेटे. पाच महिने गेले.

फसवणुकीचं बोलतेच आहे तर तेही सांगते, कारण इथे माझा जीव सर्वांत जास्त जळतो. जहाजावरून निवृत्त झालेले एक काका माझे जुने अशील. त्यांना मोबाइलवरच्या एका गटात ओढलं. ॲपवर रोज नफा दिसे. सुरुवातीला त्यांना ८ हजार रुपये काढूनही दिले, तेवढ्यानेच त्यांचा विश्वास बसला. मग १४ लाख गेले. काढायला गेले तेव्हा ‘आधी कर भरा’ म्हणून आणखी २ लाख मागितले. ते २ लाख भरायच्या आधी माझ्याकडे आले, एवढंच काय ते वाचलं. त्या सगळ्या प्रकारात खरं नाणं एकही नव्हतं. पडद्यावरचे आकडे होते, आणि किल्ली कुणाकडे हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता. चाळीस वर्षं वादळातून बोटी नेलेला माणूस बायकोला कसं सांगू म्हणून माझ्यासमोर रडला.

पुण्याच्या गेनबिटकॉइन प्रकरणाबद्दल तुम्ही वाचलं असेल. महिन्याला १० टक्के, अठरा महिने, असं आश्वासन होतं. २०१८ साली गुन्हा दाखल झाला. त्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या तज्ज्ञांनाच २०२२ मध्ये अटक झाली, आरोपींच्या वॉलेटमधली नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून. चोराची किल्ली ज्याच्या हाती दिली, त्याच्यावरच संशय. ठरावीक परतावा कुणी सांगितला, खाली माणसं जोडायला सांगितली, किंवा पैसे काढण्यासाठी आधी पैसे मागितले, की तिथून उठा. फसलातच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जाण्याआधी थांबला तरच काही हाती लागतं.

आता भविष्य. रुपयाची जागा क्रिप्टो घेईल असं मला वाटत नाही. बिटकॉइनच्या वहीत सेकंदाला सुमारे सात व्यवहार मावतात. यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला सरासरी सात हजारांपेक्षा जास्त. बिटकॉइनच्या वर दुसरे थर रचून वेग वाढवता येतो हे खरं, पण साखळीच्या बाजारातल्या पालेभाजीवालीला यूपीआयने जे फुकट मिळालं आहे, त्याहून चांगलं ते तिला काय देणार? शिवाय सकाळी घेतलेल्या पैशाची किंमत संध्याकाळी पाच टक्क्यांनी उतरणार असेल तर ती ते घेणारच नाही. एल साल्वादोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं. लोकांनी ते रोजच्या वापरात फारसं घेतलं नाही, आणि २०२५ च्या सुरुवातीला ते स्वीकारण्याची सक्ती कायद्यातून काढावी लागली.

बिटकॉइन सोन्याच्या शेजारी जाऊन बसेल, हे मला जास्त शक्य वाटतं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत थेट बिटकॉइन धरून ठेवणाऱ्या ईटीएफना, म्हणजे शेअरसारख्या विकत घेता येणाऱ्या फंडांना, परवानगी मिळाली आणि पेन्शन फंडांसारखा जाड पैसा त्यात यायला लागला. पण त्याच्या पोटात एक न सुटलेला प्रश्न आहे. पान जोडणाऱ्यांचं बक्षीस दर चार वर्षांनी निम्मं होत जाणार, २१४० च्या सुमारास संपणार. मग एवढे संगणक फक्त व्यवहारांच्या शुल्कावर चालतील का? शुल्क पुरेसं नसेल तर पहारा सैल होईल, आणि पहाऱ्यावरच सगळी इमारत उभी आहे. यावर जाणकारांचं एकमत नाही. मी स्वतः दर निम्मेपणानंतर हा आकडा काढून पाहते, आणि अजून माझं समाधान झालेलं नाही.

मामांचे डॉलरचे कॉइन म्हणजे स्टेबलकॉइन. खरी उलथापालथ मला तिथे दिसते. एका कॉइनमागे एक डॉलर ठेवलेला, निदान तसं वचन. परदेशातून घरी पैसे पाठवायला जगात सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास खर्च येतो. तिथे काही मिनिटांत, नगण्य शुल्कात डॉलर पोचणं ही मोठी सोय आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने यासाठी जीनियस नावाचा कायदाच केला. पण ज्या देशात लोक आपलं चलन सोडून डॉलरच्या कॉइनमध्ये बचत करू लागतील, तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या हातून दोरी सुटेल. म्हणून रिझर्व्ह बँकेची भीती मला खरी वाटते. तिने स्वतःचा डिजिटल रुपया डिसेंबर २०२२ पासून सामान्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर आणला आहे. आणि वचन शेवटी वचनच असतं: मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा यूएसडीसी या स्टेबलकॉइनच्या राखीव निधीचा एक भाग तिथे अडकला आणि एक डॉलरचं ते कॉइन काही तास ८७-८८ सेंटपर्यंत घसरलं.

मामांना मात्र आत्ता नको म्हणून सांगा. तारवटी, म्हणजे जहाजावरच्या, माणसाचा पगार त्याच्या एनआरई खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या बँक खात्यात, आला की तो कुठून आला हे कागदावर स्वच्छ राहतं. तेच पैसे कॉइन होऊन तुमच्या वॉलेटमध्ये आले आणि तुम्ही ते विकलेत, तर परकीय चलनाच्या कायद्यात ते कुठे बसवायचं हे धड स्पष्ट नाही, आणि कराचे प्रश्न तुमच्या गळ्यात पडतील. दोन-चार टक्के वाचवायला एवढं विकत घेऊ नका.

तुम्ही जाता जाता एक विचारलंत, ते मला फार आवडलं: गोव्यातली जमिनीची बनावट कागदपत्रं ब्लॉकचेनने थांबतील का? २०२२ मध्ये सरकारला जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं, ही आपली जखम आहे. ब्लॉकचेन लिहिलेलं बदलू देत नाही. पहिल्यांदा लिहिताना खरं लिहिलं की खोटं, हे तिला कळत नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने केलेला खोटा विक्रीलेख तुम्ही त्या वहीत चढवलात, तर तो कायमचा आणि अतिशय सुरक्षितपणे खोटा राहील. आधी जुनी पोर्तुगीज दप्तरं वाचणारी माणसं हवीत, वारसांची खातरजमा हवी, मोजणी हवी. ते काम झाल्यावर पुढची छेडछाड रोखायला ब्लॉकचेनचा खरोखर उपयोग होईल, आणि तो व्हावा असं मला मनापासून वाटतं.

राहिले ३ लाख. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतके आधी मुदत ठेवीत टाका, आईवडिलांचा आरोग्य विमा बघा. मग शिकण्यासाठी म्हणून १० हजार, फार तर १५ हजार बाजूला काढा. तेवढेच, जे उद्या शून्य झाले तरी घरात कुणाला सांगावं लागणार नाही. बिटकॉइनच घ्या, एफआययूकडे नोंदलेल्या एक्स्चेंजवरून, रुपये भरून. फ्युचर्सकडे, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांकडे, आणि उसन्या पैशाच्या सौद्यांकडे बघूही नका. मग त्यातला लहानसा भाग स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवून पाहा, बारा शब्द कागदावर लिहा, वॉलेट पुसून टाका आणि त्या शब्दांवरून पुन्हा उभं करा. एवढं एकदा हाताने केलंत की वर मी लिहिलेलं सगळं तुम्हाला उमगेल. शब्दांचा फोटो काढू नका, मेलमध्ये ठेवू नका. आणि कागद कुठे ठेवलाय हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. अपघातात गेलेल्या एका मुलाची आई त्याचा फोन घेऊन माझ्याकडे आली होती. फोन उघडला, वॉलेट दिसलं, शिल्लक दिसली. शब्द कुठेच सापडले नाहीत. ती शिल्लक अजून त्या सार्वजनिक वहीत तशीच आहे, मी अधूनमधून बघते.

मामा सुट्टीवर आले की त्यांच्या एनआरई खात्याचे गेल्या दोन वर्षांचे उतारे घेऊन दोघेही फोंड्याला या. त्यांनी आधीच काही कॉइन घेतले असतील तर तेही लपवू नका म्हणावं, विवरणपत्राची मुदत संपायच्या आत ते नीट मांडता येईल.